दोन डोक्यांचा रेनकोट

सायगॉनमधल्या माझ्या पहिल्या सकाळी मी फुटपाथच्या कडेला उभी राहून रस्ता ओलांडायची वाट बघत होते. समोर कॉफीचं दुकान होतं. लेक सवयीनं झपाझप पलीकडे गेली होती आणि मी मागोमाग येतेच आहे असं समजून टेबलसुद्धा पकडून बसली होती. आता ती तिकडून हात हलवत होती, मी इकडून, आणि आमच्या मधून अख्खं शहर स्कूटरवर बसून चाललं होतं.

एका स्कूटरवर आईवडील आणि मध्ये दोन पोरं. दुसरीवर मागे बसलेल्या बाईनं माणसाएवढा आरसा आडवा धरलेला. तो समोरून गेला तेव्हा त्यात मी मलाच दिसले, चांगलीच भेदरलेली. एकीवर कुंडीसकट झाड होतं, इतकं मोठं की चालवणारा दिसतच नव्हता. एका गाडीवर पाय ठेवायच्या जागेत एक कुत्रा उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ऑफिसला उशीर झाल्याचा भाव होता. मी सिग्नलचा खांब शोधला. मी राहते त्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात खांबाला बटण असतं. ते दाबायचं, पांढरा माणूस उमटला की चालायला लागायचं. तेवढ्यात एखादी कार आलीच, तर ती लांबूनच थांबते आणि आतला माणूस 'जा, जा' असा हात करतो. इथेही खांब होता, पण त्याला बटणाऐवजी पक्ष्याचा पिंजरा टांगलेला होता. आतला पक्षी माझ्याकडे बघून शीळ घालत होता.

मी मूळची पुण्याची. रस्ता ओलांडता येत नाही म्हणून ताटकळत उभं राहायची वेळ माझ्यावर यावी! मला स्वतःचाच राग आला.

रस्त्याशी माझं बिनसलं होतं ते मात्र सायगॉनमध्ये नव्हे. आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी मीटिंगपुरतं ऑफिसला जाताना हायवेवर माझी कार बर्फाच्या पातळ थरावरून घसरली, गर्रकन फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबली. समोरून ट्रक येत होते, तोंडावर. सगळे थांबले. कुणाला ओरखडाही आला नाही. कार जशीच्या तशी घरी आली, पण माझं काहीतरी तिथेच राहिलं. त्यानंतर गावातल्या गावात मी ड्राइव्ह करत होते, ग्रोसरीला, लायब्ररीत. पण हायवेवर चढायचा रॅम्प दिसला की मी कार दुसऱ्याच रस्त्याला वळवायचे. रॅम्पच्या टोकाला भरधाव रहदारीत शिरायचं, ज्याला तिकडे मर्ज करणं म्हणतात, ते काही केल्या जमेना. एकदा तर मी रॅम्पच्या टोकाशी थांबूनच राहिले आणि मागे हॉर्नचा गजर झाला. अमेरिकेत लोक हॉर्न वाजवायला लागले म्हणजे आपण काय केलं असेल याचा अंदाज करावा.

घरून काम चालू होतं तोवर निभावलं. मग कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. माझं ऑफिस एका टोकाला, नवऱ्याचं दुसऱ्या टोकाला, मध्ये हायवे. मी मॅनेजरला 'बघते' म्हणून सांगितलं. आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं हे काम माझं जिवाभावाचं होतं, आणि मी मनातल्या मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. ते घरात कुणाला बोलले नव्हते. नवऱ्याला कळलं होतं. तो विषय काढत नव्हता, एवढंच.

लेक कॅरीतच जन्मलेली, वाढलेली, आणि सध्या एका कंपनीसाठी सायगॉनमध्ये डिझायनिंग करते. ती फोनवर म्हणाली, "आई, ऑफिस स्टार्ट व्हायच्या आधी इकडे ये. यू नीड अ ब्रेक." नवऱ्याला रजा नव्हती. मी एकटीच निघाले. बॅगेत बेसनाचे लाडू, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि, आता सांगायला हरकत नाही, आंबेमोहोर तांदूळ. लेकीनं बॅग उघडली आणि ती पिशवी दोन बोटांत धरून विचारलं, "आई, तू व्हिएतनामला राइस आणलास?" मी म्हटलं, इथला चिकट असतो असं ऐकलं होतं. ती जमिनीवर बसून हसत राहिली.

तर ती सकाळ. शेवटी मी हिय्या करून रस्त्यात उतरले, दोन पावलं टाकली, एक स्कूटर अंगावर आल्यासारखी वाटली आणि मी थांबले. नुसती थांबले नाही, तर ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. सायगॉनमध्ये असं कुणी करत नसावं. माझ्याभोवती स्कूटरी अडखळल्या, एकमेकींना खेटल्या, कोणीतरी काहीतरी बोललं. बाजूला नूडल्सच्या गाडीवर बसलेल्या दोन आज्या हसून हसून वाटीत पडायच्या बाकी होत्या. मी उलटपावली फुटपाथवर.

लेक परत अलीकडे आली. तिनं माझा हात धरला. मी तिला शाळेच्या बससाठी रस्ता ओलांडताना धरायचे तसा, मनगटाशी.

"आई, लिसन. थांबायचं नाही. पळायचं नाही. तू फक्त स्लोली चालत राहा. ते तुला बघतात. दे विल गो अराउंड यू."

"आणि बस आली तर?"

"बस आली तर थांबायचं," ती म्हणाली. "बस इज डिफरंट."

आम्ही उतरलो. मी डोळे अर्धवट मिटले होते. कानाशी भुर्र, पाठीशी भुर्र, कोपराला वारा. आणि कशाचाही स्पर्श नाही. माझ्याकडे कुणी रागानं बघितलं नाही, मुळात कुणी बघितल्यासारखंच केलं नाही. येणारा प्रत्येक जण हँडल बोटभर वळवायचा आणि पुढे जायचा. पलीकडच्या फुटपाथवर पाय लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "जमलं!" म्हणाले.

कॉफी छान होती. कपावर बसवलेल्या पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब गळणारी, खाली डब्यातलं घट्ट गोड दूध, मग सगळं बर्फावर ओतायचं. एका कपात माझे कान गरम झाले. संपल्यावर मी म्हटलं, "चल, परत ओलांडू या."

"फॉर व्हॉट? आपल्याला इकडेच जायचंय."

"उगाच."

त्या दिवशी मी तो रस्ता उगाचच कितीदा तरी ओलांडला. शेवटच्या खेपेला त्या आज्यांपैकी एकीनं मला बघून टाळ्या वाजवल्या, आणि मीही मान लववून त्या स्वीकारल्या.

पुढचे दिवस मी हवेतच होते. कशाकशानं म्हणून सांगू? एका सिग्नलला स्कूटरवर सात-आठ बायका थांबलेल्या दिसल्या. नाकातोंडावरून कानामागे बांधलेलं फडकं, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, उन्हासाठी फुलाफुलांचं जाकीट. गॉगलशिवाय काही दिसेल तर शपथ. मी जागीच ओरडले, "अगं, या पुण्याच्या!" लेकीला काहीच कळेना. मग मी तिला सांगितलं की कॉलेजात असताना आम्ही सगळ्या मैत्रिणी अशाच ओढण्या गुंडाळून फिरायचो, सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखायचा नाही, आणि त्याचा फायदा कुणी कुणी कसा करून घेतला. माझ्याकडे मोपेड होती, आणि मी लक्ष्मी रोडवर संध्याकाळी पाय खाली न टेकता गाडी काढून दाखवायचे. तेव्हा गाडी म्हणजे दोनचाकीच. चारचाकीला आम्ही कार म्हणायचो, आणि ती दुसऱ्यांची असायची.

"यू?" लेक म्हणाली. "तू हायवेवर जात नाहीस, आई."

ती वाईट बोलली नाही, जे होतं ते बोलली. पण मला ते लागलं. मी विषय बदलून समोरच्या फळवालीकडे वळले आणि तिथे सीताफळं दिसली. खरी सीताफळं, डोळे उघडलेली, बोटानं दाबली की दबणारी. कॅरीत आमच्याकडे मिळतो तो डब्यातला गोठवलेला गर. मी तिथेच फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे कानाशी, आणि बिया मुठीत गोळा करत दोन सीताफळं खाल्ली. फळवालीनं न विचारता तिसरं पुढे केलं. वाईट वाटलेलं माणसाला फार वेळ धरून ठेवता येत नाही, असं ते शहर आहे.

घरी आल्यावर दाराच्या मागे मला दोन हेल्मेटं दिसली.

"ही कुणाची?"

लेक एकदम पाणी प्यायला गेली. तिच्याकडे स्कूटर होती. छोटी, इलेक्ट्रिक, पिस्त्याच्या रंगाची. आल्यापासून चालवत होती आणि व्हिडिओ कॉलवर आम्हाला रोज 'कॅब घेते' म्हणून सांगत होती. मी जे काही तोंड उघडलं! इतक्या गर्दीत, इतक्या लांब, आईबापांना थापा मारून! ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या त्या मोपेडच्या वेळी, आजीला माहीत होतं?"

आजीला माहीत होतं. पण लक्ष्मी रोडचं माहीत नव्हतं. मी दुसरं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

मागे बसून मी त्या शहरात इतकी फिरले की मांड्या दुखायला लागल्या. आणि एका दुपारी आभाळ फाटलं. सूचना नाही, काही नाही, बादली उपडी झाल्यासारखं. त्याबरोबर अख्ख्या रस्त्यानं एकाच वेळी कडेला गाडी घेतली आणि सीटखालून रेनकोट काढले. लेकीनंही काढला. निळा, तंबूएवढा, आणि त्याला डोकं घालायला दोन भोकं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक माझं. एक तुझं."

पुढे दिव्यासमोर येईल तिथे रेनकोटाला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी होती, म्हणजे स्कूटरचा दिवा झाकला जाऊ नये. ज्या कुणी हे शोधून काढलं त्याला माझा दंडवत. आम्ही दोघी आपापल्या भोकातून डोकी बाहेर काढून निघालो. पावसात आजूबाजूला असेच दोन डोक्यांचे, एक तर तीन डोक्यांचा, रंगीबेरंगी प्राणी चालले होते. मी इतकी हसत होते की तोंडात पाणी जात होतं. आतून तिच्या कमरेला मिठी मारली होती. ती मोठी झाल्यापासून इतका वेळ तिला धरायची संधी मला कुणी दिली नव्हती.

पाऊस थांबला तेव्हा आम्ही तिच्या घराजवळच्या गल्लीत होतो. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मला दे चालवायला."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग रेनकोट काढून गुंडाळला आणि मागे सरकली. या छोट्या गाडीला लायसन्स लागत नाही, असं ती म्हणाली. मी खोलात शिरले नाही. "ओन्ली इन द गल्ली. प्रॉमिस?"

प्रॉमिस. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना उघडी घरं, कुणी टीव्ही बघतंय, कुणी कांद्याची पात निवडतंय. मी ॲक्सिलरेटर पिळला आणि माझे हात माझ्या आधी पुण्याला पोचले. काही शिकावं लागलं नाही. वळणावर कुठे कलायचं, ब्रेक कधी नुसता चाटायचा, सगळं होतं तिथेच होतं. मी आनंदानं गाडी दामटली आणि परत वळायला जागाच नाही हे गल्ली संपताना लक्षात आलं. मागून भाजीची हातगाडी येत होती. समोर मोठा रस्ता. संध्याकाळची सगळी गर्दी.

"आई, स्टॉप! आई!"

"थांबायचं नाही ना?" मी म्हटलं आणि डावीकडे वळून रस्त्याला लागले.

इथे मला नीट सांगायला हवं. व्हिएतनाममध्ये गाड्या उजवीकडून चालतात, अमेरिकेसारख्याच. बावीस वर्षं मी उजवीकडूनच कार चालवते आहे. पण ढुंगणाखाली दोन चाकं आली आणि माझं अंग पुण्याला निघून गेलं. पुण्यात गल्लीतून निघालं की डाव्या कडेनं डावीकडे, बिनधास्त. मीही तेच केलं. आणि समोर बघितलं तर सायगॉन माझ्या तोंडावर येत होतं.

"राँग साइड! आई, राँग साइड!" मागून लेक किंचाळत होती.

तो क्षण मला ओळखीचा होता. अगदी हाच. सगळी रहदारी एका दिशेला, मी उलटी, समोरून येणारे दिवे. मी थांबले असते तर तिथेच थांबून राहिले असते, हे मला नक्की माहीत आहे. पण थांबायचं नाही, पळायचं नाही. मी गाडी हळू, माणूस चालेल इतकी हळू, पुढे सोडली आणि हँडल बोटभर उजवीकडे वळवलं. समोरचा बोटभर त्याच्या उजवीकडे वळला. मग त्याच्या मागचा. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एका बाईच्या डोळ्यांत गॉगलमागून हसू दिसल्यासारखं वाटलं. ते सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेले आणि मी तिरकी तिरकी सरकत, रस्त्याच्या मधोमध येऊन, पलीकडच्या बरोबरच्या बाजूला लागले. मग मात्र मी हॉर्न वाजवला. पीं पीं पीं. कुणासाठी नाही, नुसता.

कडेला थांबल्यावर लेक उतरली. ती रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. ती हेल्मेट काढून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हू आर यू?" मग आम्ही दोघी तिथे उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो.

निघताना मी नवऱ्यासाठी तसलाच दोन डोक्यांचा रेनकोट आणला. आमच्याकडे स्कूटर नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं हे त्याला कळेना. त्यानं तो गराजमध्ये खुंटीला लावला. सायगॉनचं सगळं मी त्याला विमानतळापासून घरापर्यंत सांगत आले. त्या संध्याकाळचं मात्र लेकीनं मला न विचारता आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. "सोमवारी मी सोडू का तुला ऑफिसला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "बरं." त्याचं 'बरं' मला नीट कळतं, त्यात 'बरं' सोडून सगळं असतं.

सोमवारी सकाळी मी कार काढली. गावातले रस्ते संपले, रॅम्प आला. डाव्या हाताला कार आणि ट्रकांची भरधाव रांग, कुठे फट दिसेना. मी इंडिकेटर दिला. थांबायचं नाही. पळायचं नाही. एक निळा ट्रक येत होता आणि तोंडावर आलेल्या दिव्यांची आठवण एकदा वर आली. मी स्टिअरिंग सोडलं नाही, त्यांच्याच वेगानं चालत राहिले, आणि ट्रकवाल्यानं जरासं, बोटभरच, अंतर ठेवलं. मी आत शिरले. आत शिरल्यावर मला राहवलं नाही आणि मी हॉर्न वाजवला, पीं पीं पीं. शेजारच्या कारमधल्या बाईनं दचकून माझ्याकडे बघितलं. मी तिला हात केला.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचले तेव्हा मी कारमध्ये बसूनच रडले, आणि रडता रडता हसले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"पोचले! अरे, पोचले मी!"

पलीकडून भरधाव गाड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मी तुझ्या मागेच होतो गं. घरापासून. तुला कळू नये म्हणून दोन गाड्या सोडून."

"आणि आता कुठे आहेस?"

"रॅम्पनंतरच्या शोल्डरवर. तू त्या ट्रकच्या पुढे घुसलीस ते बघून मला धडकीच भरली. माझ्याच्यानं मर्ज होईना, कडेला घेतली. वर बघतो तर तू दिसेनाशी."

मला हसू आलं. त्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला होतं. म्हणजे घरापासून रॅम्पपर्यंत तो माझ्या रेनकोटाच्या मागच्या भोकात डोकं घालून बसला होता, आणि मी मागे वळून बघितलंसुद्धा नव्हतं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "इंडिकेटर दे. फट दिसली की हळूहळू वेग घे. आत शिरताना थांबायचं नाही, पळायचं नाही."

"आणि ट्रक आला तर?"

"ट्रक आला तर थांबायचं," मी म्हटलं. "फोन ठेव आधी. पोचलास की कळव, मी वाट बघते."